गावच्या तळ्यावरचा सूर्यास्त फोटोत उतरत नाही, काय करू?

बालाघाटी (२३ सप्टेंबर, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला लागून. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, १९७२ च्या दुष्काळी कामावर बांधलेला. माझी आजी त्या कामावर होती. तेव्हा ती विशीतली, मोठी आत्या कडेवर. मातीची पाटी डोक्यावर घेऊन दिवसभर भराव चढायचा आणि दिवस बुडायच्या सुमाराला सुट्टी झाली की मिलोची लाल ज्वारी, सुकडी घेऊन घरी यायचं. आता तिचे गुडघे गेलेत. दोन वर्षं झाली, बांध चढणं बंद आहे.

यंदा पाऊस बरा झाला. तळं सांडव्याला टेकलं. आजी रोज विचारते, "आज कुठवर आलं रे पाणी?" मी मोबाइलवर फोटो काढून आणतो. तर परवा म्हणाली, "हे आपलं तळं न्हाई. आपल्या तळ्यावर दिस असा पिवळा बुडत नसतो."

तिचं खरं आहे. डोळ्याला दिसतं ते फोटोत येतच नाही. आभाळ पांढरं, सूर्याच्या जागी पिवळा डाग आणि खाली नुसता काळोख. दुसरी अडचण वेळेची. कॅलेंडरात साडेसहाच्या पुढची वेळ छापलेली, मी सहा वीसला बांधावर पोचलो, तर सूर्य डोंगराआड गेलेला. हे एकदा नाही, तीनदा झालं.

दिवाळीपर्यंत एक मोठी प्रिंट काढून तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावायची आहे. बांध तळ्याच्या पूर्वेला आहे, पाणी पश्चिमेला, त्यापलीकडं डोंगर. मोबाइलवर काम होईल का? कुठं उभं राहू? कोणता दिवस धरू?

पुण्यात_परभणी (२३ सप्टेंबर, रात्री १०.०२)

आजीचं वाक्य दोनदा वाचलं. धाग्यावर नाव नोंदवून ठेवतो, फोटो आला की कळवा.

स्टुडिओवाला (२३ सप्टेंबर, रात्री १०.३५)

बालाघाटी, पिवळा का येतो ते आधी सांगतो. माझ्या जालन्याच्या स्टुडिओत हा प्रश्न घेऊन महिन्यात एक माणूस तरी येतोच.

कॅमेरा असो की मोबाइल, त्यात रंग तीन हौदांत भरतो असं समजा: लाल, हिरवा, निळा. मावळतीच्या उजेडात लालच जास्त. म्हणून लालचा हौद सगळ्यात आधी तोंडोतोंड भरतो आणि वाहायला लागतो. वाहिलेलं मोजलं जात नाही. तोवर हिरव्याचा हौद भरतच असतो. लाल अडकला, हिरवा वाढला की दोन्ही मिळून पिवळा. आणखी उजेड आत घेतला की निळाही भरतो आणि सूर्य पांढराफटक. म्हणजे तुमच्या तळ्याचा रंग सांडव्यावरून वाहून गेलाय. हौद भरायच्या आधी हात आखडा.

मोठा कॅमेरा कुणाकडून मिळाला तर एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, उणे एक करा, नाही भागलं तर उणे दोन. उजेड मोजायचं मीटर सूर्यावर धरू नका, त्याच्या शेजारच्या आभाळावर धरा. खालची जमीन काळी पडेल, पडू द्या. बांधावर एखादी बाभूळ असेल तर ती पुढं घ्या. मावळतीसमोर बाभळीची जी जाळी दिसते ती दुसऱ्या कुठल्या झाडाची दिसत नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग जुळवायची सोय, ऑटोवर ठेवू नका. ऑटोला वाटतं खोलीत पिवळा दिवा लागलाय, मग तो सगळी लाली पुसून काढतो. डेलाइट किंवा क्लाउडीवर ठेवा.

आणि जुन्या पद्धतीच्या डीएसएलआरला लांबची लेन्स लावून व्ह्यूफाइंडरमधून सूर्याला डोळा लावू नका. डोळ्याचं कायमचं नुकसान होतं. मागच्या स्क्रीनवर बघा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. हात लांब करून सूर्य आणि डोंगर यांच्यामध्ये आडवं बोट धरायचं. एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं.

सांजवात (२४ सप्टेंबर, सकाळी ७.१५)

स्टुडिओवाल्यांनी कारण छान समजावलं, पण त्यासाठी कॅमेरा मागत फिरायची गरज नाही. मी परभणीची. येलदरी धरणावर सहा वर्षं मोबाइलनंच फोटो काढतेय.

पहिलं काम म्हणजे मोबाइलची काच पुसा. खिशात राहून बोटाचा तेलकटपणा बसलेला असतो, आपल्याला दिसत नाही. सूर्य समोर आला की तोच सगळ्या फोटोभर धुरकट पसरतो. मऊ सुती कापड घ्या, आधी फुंकर मारून धूळ उडवा, नाहीतर ओरखडे पडतील.

मग सूर्याच्या बाजूच्या आभाळावर बोट दाबून धरा. कुलूप लागल्याची खूण येते. तिथंच छोट्या सूर्याचं चिन्ह दिसेल, ते बोटानं खाली ओढा. ओढत राहा, सूर्याची गोलाई स्पष्ट दिसेपर्यंत. पहिल्यांदा वाटेल फारच अंधार झाला. घरी जाऊन बघा, रंग आलेला असतो. चिमटीनं झूम करू नका. फोटोत कुठं हिरवा ठिपका दिसला तर ते सूर्याचंच काचेतलं प्रतिबिंब आहे, मोबाइल जरासा तिरका केला की सरकतो.

आणि सूर्य गेला की घरी पळू नका. सगळे पळतात. खरा रंग त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी येतो. वर विरळ ढग असतील तर त्यांच्या पोटाला खालून उजेड लागतो आणि सगळं तळं पेटल्यासारखं होतं. एकदा मी सूर्य गेल्यावर घरी निघाले, गाडीला किल्ली लावली आणि आरशात मागचं आभाळ दिसलं. धावत परत येईपर्यंत अर्धं ओसरलं होतं. तेव्हापासून दिवेलागणीला घरी नसते म्हणून सासूबाई दिवा लावतात, त्यांनीच हे नाव सुचवलं.

भूगोलमास्तर (२४ सप्टेंबर, सकाळी ९.५०)

चौतीस वर्षं नांदेड जिल्ह्यात भूगोल शिकवला, म्हणून दोन दुरुस्त्या करतो.

बालाघाटी, तुमचं कॅलेंडर खोटं नाही, पण ते तुमच्या गावचं नाही. भिंतीवरच्या बऱ्याच मराठी कॅलेंडरांत सूर्यास्त मुंबईचा छापलेला असतो. मुंबई साधारण पावणेत्र्याहत्तर रेखांशावर, बीड पावणेशहात्तरच्या आसपास. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे तुमच्याकडं सूर्य मुंबईच्या जवळजवळ बारा मिनिटं आधी मावळतो. आम्हा नांदेडकरांकडं त्याहून सहा मिनिटं आधी. शिवाय ही वेळ सपाट क्षितिजाची. तुमच्यासमोर डोंगर आहे, तो आणखी काही मिनिटं खातो.

दुसरी दुरुस्ती स्टुडिओवाल्यांना. एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं हा हिशेब थंड देशांचा आहे. तिकडं सूर्य तिरका घसरत मावळतो, त्याला वेळ लागतो. आपल्याकडं तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. आपल्या अक्षांशावर एक बोट म्हणजे आठ मिनिटांच्या आसपास. बिंबाची खालची कड टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटं मिळतात. म्हणून तयारी आधीच करून ठेवायची.

बारा मिनिटं मुंबईची आणि आठ मिनिटं डोंगराची. तुमच्या समोरचा डोंगर एक बोटभर असेल तर वीस मिनिटं गेली. त्या दिवशी सूर्य सहा सोळाच्या सुमारास आड झाला असणार. तुम्ही चार मिनिटं उशिरा पोचलात.

आता एक काम करा. काल, म्हणजे २३ सप्टेंबरला, दिवस-रात्र सारखी होती. या दिवसांत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. आज बांधाच्या मध्यावर उभं राहून तो कुठं जातो त्याची डोंगरावर खूण धरा. मग त्या रांगेत एखादी खिंड आहे का बघा आणि हात लांब करून खूण ते खिंड किती मुठी भरतात ते मोजा.

स्टुडिओवाला (२४ सप्टेंबर, सकाळी १०.२०)

मास्तर, आठ मिनिटं! वीस वर्षं लग्नाच्या जोड्यांना मी "अजून अर्धा तास आहे" सांगत आलो आणि दर वेळी शेवटच्या फोटोला धावपळ झाली. आज कळलं.

बालाघाटी (२४ सप्टेंबर, रात्री ८.१५)

मास्तर, पाच चाळीसला जाऊन बसलो. डोंगर एक बोटच भरला. सूर्य आड झाला तेव्हा घड्याळात सहा वाजून तेरा मिनिटं झाली होती. आजीला सांगितलं तर म्हणाली, "मग रोज उशिरा कामून जात व्हतास?"

खिंड आहे. आम्ही तिला घोडखिंड म्हणतो. मावळतीच्या खुणेपासून डावीकडं बरोबर एक मूठ. खिंडीचा खळगा अर्ध्या बोटानं खाली आहे.

सांजवातताई, तुमच्या सांगण्याप्रमाणं उजेड खाली ओढला. सूर्य पहिल्यांदा गोल आला! अजून थोडा नारिंगीच आहे, पण पिवळा नाही. बांधावर बाभूळही आहे, तिच्यामागून काढलेला एक बरा आलाय.

रंगरेषा (२४ सप्टेंबर, रात्री ९.००)

एवढा खटाटोप कशाला? हल्ली अ‍ॅपमध्ये आभाळ बदलता येतं. लाल, जांभळं, हवं ते निवडा. दोन मिनिटांत आजी खूश.

गोदाकाठ (२४ सप्टेंबर, रात्री ११.३०)

रंगरेषा, ज्या बाईनं पिवळा आणि लाल यांतला फरक ओळखून "हे आपलं तळं नाही" सांगितलं, तिला विकतचं आभाळ ओळखू येणार नाही असं वाटतं का तुम्हाला? मला हे सुचवणंच पटलं नाही. का पटलं नाही ते जरा लांबून सांगतो.

मी पैठणचा. म्हणजे आमचं मूळ गाव आता नाथसागराच्या, जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, पोटात आहे. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. मधल्या काळात शंभराहून जास्त गावं उठली. माझे वडील तेव्हा शाळकरी. बैलगाडीत कणगी, जातं आणि दाराची चौकट घालून ते निघाले. चौकट अजून आमच्या घरात आहे, नव्या भिंतीत बसवलेली.

पाणी फार खाली गेलं की गावच्या मंदिराचा ओटा वर येतो. दरवर्षी नाही, दुष्काळ पडला तरच. अशा एका उन्हाळ्यात वडिलांना घेऊन गेलो. चिखल वाळून भेगा पडलेल्या, शिंपल्यांचा कचकच आवाज पायाखाली. मी कॅमेरा घेऊन गेलेलो, पाण्यावरचा सूर्यास्त काढायचा म्हणून. नाथसागराला पश्चिमेकडं नजर पोचेल तिथवर पाणीच, सूर्य सरळ पाण्यात उतरतो, डोंगराचा अडथळा नाही. मी तो काढत बसलो. पन्नासेक फोटो काढले असतील.

मागं वळून बघितलं तर वडील ओट्यावर उभे. मावळतीचा सगळा उजेड त्यांच्या अंगावर पडला होता. त्यांचं सूर्याकडं लक्षच नव्हतं. ते पायाखाली बघत होते, विहीर कुठं असेल याचा अंदाज घेत. धोतर, ओट्याचे दगड, भेगाळलेली जमीन, सगळं तांब्याच्या रंगाचं. तो एक फोटो मी काढला. सूर्य माझ्या पाठीशी होता.

घरी लावलाय तो हाच. सूर्यास्ताचे पन्नास फोटो कुठल्या डिस्कवर आहेत आठवत नाही.

बालाघाटी, तुम्ही सगळे फोटो बांधावरून काढताय. एकदा तळ्याला वळसा घालून पश्चिमेच्या काठावर जा. तिथून बांधाकडं तोंड करून उभे राहा. तुमच्या आजीनं सूर्य नाही बांधला, तो बांध बांधलाय.

सांजवात (२५ सप्टेंबर, सकाळी ६.४०)

गोदाकाठ, सकाळी चहा गार झाला हे वाचताना.

पुण्यात_परभणी (२५ सप्टेंबर, सकाळी ८.०५)

गोदाकाठ यांना माझाही नमस्कार.

रंगरेषा (२५ सप्टेंबर, सकाळी ९.३०)

गोदाकाठ, पटलं. माझी सूचना मागे घेतो.

चक्रवाक (२५ सप्टेंबर, दुपारी १.२०)

गोदाकाठ यांचा मुद्दा पक्ष्यांनाही लागू आहे. मी छत्रपती संभाजीनगरचा, हिवाळ्यात दर रविवारी नाथसागरावर असतो. रोहित पक्षी येतात तेव्हा लोक सूर्याकडं तोंड करून त्यांचे फोटो काढतात आणि मग विचारतात की गुलाबी रंग कुठं गेला. सूर्यासमोरचा रोहित काळाच येणार. सूर्य पाठीशी घ्या, पंखांच्या आतला लाल रंग तेव्हा उघडतो.

एक कळकळीची विनंती. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्यासमोर एका गटानं ड्रोन उडवला. पट्टकदंबांचा थवा पाण्यावर विसावलेला होता, हिमालय ओलांडून आलेले पक्षी ते. सगळा थवा उठला आणि अंधार पडेपर्यंत परत बसला नाही. फोटोसाठी थवा उठवायचा हे पाप आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही.

बालाघाटी, तुमच्या तळ्यावर काळे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी पोहताना दिसतात का? आपल्याकडं त्यांना वारकरी म्हणतात. ओळीनं चालत राहतात पाण्यावर, कपाळाला गंध लावल्यासारखं. तिन्हीसांजेला ते लव्हाळ्याच्या कडेला सरकतात, त्या वेळी त्यांच्यामागं पाण्यावर जी रेघ उठते ती फोटोत घ्या.

मांजराकाठ (२५ सप्टेंबर, रात्री १०.१०)

मी लातूरचा. आमच्या घरापासून धनेगावचं मांजरा धरण लांब नाही. हा धागा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. २०१६ ला धरण कोरडं पडलं, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते साल. त्या उन्हाळ्यात रोज धुळीनं दिस लालबुंद बुडायचा. ताटाएवढा, नुसत्या डोळ्यानं बघता येईल असा. पण बघू वाटत नव्हतं. टँकरला नंबर लावून घागरी घेऊन उभे असायचो आणि तो तिकडं बुडायचा. त्या वर्षीचा एकही फोटो माझ्याकडं नाही.

यंदा धरण भरलं. बायको म्हणली चला, बघून येऊ. दोघं गेलो, शेंगा खात बसलो, फोटो काढला. साधाच आलाय. पण पाण्यावर काढलाय.

रानजाई (२६ सप्टेंबर, सकाळी ११.००)

मांजराकाठ यांनी धुळीचं लिहिलंय, त्यावर एक प्रश्न. धूळ असली की सूर्यास्त जास्त रंगीत होतो असं सगळे म्हणतात. मला मात्र पावसाळ्यानंतरचेच रंग जास्त वाटतात. मास्तर?

आणि कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. भरलेल्या तळ्याच्या सांडव्यावर फोटोसाठी पाय ठेवू नका. शेवाळ दिसत नाही. आमच्या शेजारच्या गावात बारावीतला मुलगा असाच घसरला. पोहता येत होतं त्याला. बांधाच्या पिचिंगच्या, म्हणजे उतारावर रचलेल्या, दगडांवरून पाण्याकडं उतरतानाही एक माणूस सोबत असू द्या.

भूगोलमास्तर (२६ सप्टेंबर, दुपारी ४.३०)

रानजाई, तुमचा डोळा बरोबर आहे. रंग मुळात हवेच्या रेणूंमुळं येतो. क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड दुपारच्या मानानं तीसचाळीस पट जाड हवेतून येतो, त्यात निळा विखरून जातो, लाल-नारिंगी उरतो. धूळ फार झाली की ती सगळेच रंग अडवते. बिंब लाल दिसतं, पण आजूबाजूचं आभाळ मळकट. मांजराकाठ यांनी बघितलं ते असंच, लाल ताट आणि भोवती राख. पावसानं हवा धुऊन निघाली आणि वर उंच ढगांच्या पिंजारी असल्या की आभाळभर रंग पसरतो. आपल्याकडं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ त्यासाठी उत्तम. तेव्हाच तळीही भरलेली असतात.

आता बालाघाटींची खिंड. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. या दिवसांत मावळतीची जागा रोज जवळजवळ पाऊण बिंबानं दक्षिणेकडं, म्हणजे तुमच्या डावीकडं सरकते. दहा अंश सरकायला तेवीस-चोवीस दिवस. मुठीचं माप अंदाजाचं, म्हणून एक-दोन दिवस आधीपासून धरा. माझ्या हिशेबानं १५ ते १७ ऑक्टोबर या तीन संध्याकाळी सूर्य घोडखिंडीत उतरेल. वेळ सहाला पाच मिनिटं कमी. साडेपाचलाच जाऊन बसा.

स्टुडिओवाला (२६ सप्टेंबर, संध्याकाळी ७.४५)

मास्तर, शाळेत तुम्ही असता तर मी भूगोलाच्या तासाला पळून गेलो नसतो.

बालाघाटी, प्रिंटबद्दल. चकचकीत कागद घेऊ नका, खिडकीचा उजेड त्यात दिसतो आणि आजीला खाटेवरून नीट दिसणार नाही. मॅट कागद घ्या. मोबाइलच्या स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा प्रिंट नेहमी गडद येते, म्हणून पाठवायच्या आधी थोडी उजळ करा. आधी लहान आकारात एक नमुना काढून घ्या. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साधी पाठवू नका, बारीक होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मला पाठवलीत तर मी काढून देतो, पैसे घेणार नाही.

सांजवात (२६ सप्टेंबर, रात्री ८.३०)

उजळ करा इथपर्यंत ठीक, पण स्टुडिओवाले, रंग वाढवायची ती पट्टी ओढू नका हं. लग्नाच्या अल्बममध्ये तळी भगवी झालेली बघितलीत मी.

स्टुडिओवाला (२६ सप्टेंबर, रात्री ८.५०)

ताई, लग्नात गिऱ्हाईक मागतं तसं द्यावं लागतं, पोट आहे. पण हा फोटो तसा नाही, हे मलाही कळतं. पट्टीला हात लावणार नाही.

कंधारकर (२७ सप्टेंबर, सकाळी १०.१५)

आमच्या कंधारच्या जगत्तुंग समुद्राचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून घेतो. राष्ट्रकूटांच्या काळातलं तळं आहे, जगत्तुंग ही त्या राजांची पदवी. त्यांनी तळ्याला समुद्र म्हटलं, आम्ही अजून म्हणतो. मी मावळतीला तिथं जातो तेव्हा हटकून वाटतं की हजार वर्षांपूर्वीही कुणी पाटी डोक्यावरून उतरवून याच वेळी घाम पुसला असेल. त्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत. बालाघाटी, फोटोच्या मागं आजीचं नाव लिहा, आणि साल.

बालाघाटी (१८ ऑक्टोबर, रात्री ९.२०)

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, सोयाबीनची काढणी चालू होती. सविस्तर लिहितो.

१५ ला ढग होते, काही दिसलं नाही. १६ ला साडेपाचला बांधावर बसलो. पाच त्रेपन्नला सूर्य खिंडीच्या डाव्या कडेला लागला, मग घसरत खळग्यात उतरला. मास्तर, तुम्ही नांदेडला बसून सांगितलेल्या जागी, दोन मिनिटांचाही फरक नाही. वारा पडलेला, पाणी तेलासारखं स्थिर. बाभळीच्या जाळीतून फोटो काढला. सूर्य लाल आला, काठ स्पष्ट, पाण्यात दुसरा सूर्य. नंतर वीस मिनिटं थांबलो. ढगांचं पोट सांजवातताई म्हणतात तसं पेटलं.

१७ ला भावाला घेऊन तळ्याला वळसा घातला. बेशरमीच्या झुडपातून वाट काढावी लागली. पाण्याला टेकून खाली बसलो, तोंड बांधाकडं. साडेपाचला बांध नेहमीसारखा करडा दिसत होता. पावणेसहाला दगडांच्या कडा उजळल्या. मग डोंगराची सावली माझ्यावरून पाण्यात उतरली आणि पुढं पुढं सरकत गेली. मी सावलीत, तळं सावलीत आणि समोर नुसता बांध उजेडात. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पिचिंगचा एकेक दगड मोजता येईल असा, भाजलेल्या विटेच्या रंगाचा. तीन-चार मिनिटं राहिला. मग सावली दगडांवर चढली आणि विझला.

दोन्ही फोटोंचे नमुने काढून आज आजीसमोर ठेवले. सूर्याचा बघितला, म्हणाली, "ह्यो बरा हाय." बाजूला ठेवला. बांधाचा हातात घेतला आणि खिडकीशी नेला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यो रंग. सुट्टी व्हायच्या टायमाला माती अशीच दिसायची. मुकादम शिट्टी मारायचा, आम्ही पाट्या टाकायचो, अन् पुढं सगळा भराव असा."

म्हणजे तिचा तो रंग आभाळातला नव्हताच.

मग तिनं बोट ठेवलं. सांडव्यापासून जरा अलीकडं, जिथं बांध किंचित वाकलाय. "हितं आमची टोळी होती." तिथं कोण कोण होतं त्यांची नावं घेतली, सात बायका. मी फोटोच्या मागं लिहून ठेवली, कंधारकर, साल घालून. त्यातल्या दोघी अजून आहेत, त्यांनाही एकेक प्रत देणार.

आणि मग ती रागावली. बाभूळ दिसली तिला. "बांधावर बाभूळ कुणी वाढू दिली? मुळ्या आत जातात, तिथनं पाणी पाझरतं, एक दिवस बांध फुटंल. काढा ती." आम्ही सगळे त्या बाभळीच्या फोटोवर खूश होतो!

कुणाला माहिती असेल तर सांगा, बांधावरचं झाड काढायला परवानगी कुणाकडं मागायची? ग्रामपंचायत की जलसंधारणवाले?

रानजाई (१८ ऑक्टोबर, रात्री ९.५५)

आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तळं कुणाकडं नोंदलंय ते तिथंच कळेल. मनानं कुऱ्हाड लावू नका. आणि मूळ नुसतं उपटू नका, खड्डा राहिला तर तो मातीनं ठोकून भरावा लागतो.

स्टुडिओवाला (१८ ऑक्टोबर, रात्री १०.३०)

बाभूळ पुढं घ्या असं मीच सांगितलं होतं. आजींना माझा दंडवत सांगा. तीन प्रती मॅट कागदावर, सोमवारी एसटीच्या पार्सलनं निघतील.

गोदाकाठ (१९ ऑक्टोबर, सकाळी ६.२०)

सात नावं लिहिलीत हे फार चांगलं केलंत. वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय, बांध वाकलाय तिथं खाली खडक लागला होता का? आजींना विचारून सांगा.

बालाघाटी (१९ ऑक्टोबर, सकाळी ८.४५)

गोदाकाठ, विचारलं. "व्हय, काळा खडक. पहारी वाकल्या, म्हणून बांध वळवला," असं म्हणाली. आणि "हे त्यांना कसं ठावं?" असं विचारतेय.

भूगोलमास्तर (१९ ऑक्टोबर, सकाळी १०.१०)

बालाघाटी, वहीत नोंद करून ठेवा. उत्तरेकडं परतताना सूर्य फेब्रुवारीच्या २५-२६ तारखेला पुन्हा घोडखिंडीत उतरेल, या वेळी सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान. पाणी तेव्हा बरंच खाली गेलेलं असेल आणि बांधाचे खालचे थरही उघडे पडतील. वळसा घालून त्याच जागी बसा.